‘शेड्यूल्ड’ : एका विशेषणाची दीडशे वर्षे

गाडीचे शेड्यूल, परीक्षेचे शेड्यूल, साहेबांचे शेड्यूल. हा इंग्रजी शब्द आता मराठीच झाला आहे. मुळात मात्र त्याचा वेळेशी काही संबंध नव्हता. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ कागदाची चिठ्ठी. इंग्रजीत ती मुख्य दस्तऐवजाला जोडलेली पुरवणी झाली, पुढे कायद्याच्या शेवटी दिलेली यादी झाली. ‘वेळापत्रक’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला, रेल्वेच्या काळातला. याच शब्दाचे ‘शेड्यूल्ड’ हे विशेषण आपल्या नंदुरबार परिसराला दीडशे वर्षांपूर्वी चिकटले.

१८७४ साली इंग्रज सरकारने ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्ट’ केला. त्याच्या यादीत खानदेशातील सहा मेवासी प्रमुखांची गावे होती. काठीचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे अशी ती नोंद. आज जिल्ह्यात घरोघरी आढळणारी ही आडनावे तेव्हा कायद्याच्या पुरवणीत जाऊन बसली. तिथे ‘शेड्यूल्ड’चा अर्थ होता ‘वगळलेले’. इतरत्र चालणारे कायदे इथे आपोआप चालणार नाहीत. कोणता कायदा लावायचा, न्याय कोणत्या अधिकाऱ्याने करायचा, हे सरकार ठरवील. गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

पुढे शब्द बदलत गेले. १९१९ च्या कायद्याने अशा प्रदेशांसाठी ‘मागास’ हे विशेषण आणले. १९३५ च्या कायद्याखाली शहादा, नंदुरबार, तळोदा, नवापूर, अक्राणी आणि ही मेवासी गावे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरली. जुना अर्थ आता उघडपणे नावातच आला.

१९५० मध्ये राज्यघटना आली आणि जुने विशेषण परतले. मराठीत आपण त्याला ‘अनुसूचित’ म्हणतो. पाचव्या अनुसूचीत एखादा कायदा लागू करायचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. म्हणजे यंत्र बरेचसे जुनेच. हेतू मात्र बदलला: आदिवासींची जमीन दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, सावकारीला लगाम बसावा. वगळण्याची यादी आता हक्काची यादी झाली.

पण घटनेत अर्थ बदलला म्हणून बांधावर तो लगेच बदलत नाही. जमिनी जातच राहिल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते उभे राहिले, आदिवासी शेतकरी आणि मजूर संघटित झाले. त्याच दशकात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्यात झाला. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले. १८७४ मध्ये ज्यांना विचारले नव्हते, त्यांना विचारणे आता कायद्याने आले.

१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. दाखल्यावर हा शब्द वाचताना कोणी त्याला कमीपणाचा समजतो, कोणी सवलतीचा. त्याच्या मागे वगळले जाण्याचा इतिहास आहे, तसाच हक्क मिळविण्याचाही. शब्दकोशात अर्थ नंतर नोंदवला जातो. आधी तो माणसांना मिळवावा लागतो.