बरोबरीची विद्या

पटावर दोन्हीकडे एकेक हत्ती उरला आणि एका पक्षाकडे प्यादे जास्त असले, म्हणजे दुसऱ्याने डाव सोडावा, असा सामान्य समज आहे. जिंकणाऱ्याची आदर्श मांडणी नेपल्सच्या साल्विओच्या पुस्तकात १६३४ सालीच आली: प्यादे सातव्या ओळीत, राजा त्याच्यापुढे, शत्रूचा राजा दूर कोंडलेला. मग हत्ती चौथ्या ओळीत आणून शहांना आडोसा करावयाचा.

दुबळ्याचा कैवार घेतला फ्रान्सच्या फिलिदोरने, १७७७ साली. हा मूळचा संगीतकार. तो सांगतो: आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवा आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत. शत्रूच्या राजाला ती ओळ ओलांडता येत नाही. प्यादे त्या ओळीत शिरले, की लगेच हत्ती पटाच्या पलीकडच्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. राजा जेथे लपला असता, ते घर आता त्याच्याच प्याद्याने अडविलेले असते. डाव बरोबरीत सुटतो.

मात्र ओळ आधी सोडली, तर राजा पुढे घुसतो. घाईने ओळ सोडून हरलेला संप मी पाहिला आहे. दुबळ्याला धीर हेच हत्यार. पण तो केव्हा संपवावा, हेही शिकावे लागते.