साधन फसले, तर उत्तरदायी कोण?



संततिनियमनाचा विषय मराठीत निघाला की पहिले नाव र. धों. कर्व्यांचे येते, आणि ते यायलाच हवे. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ एकहाती चालवले. त्या मासिकापायी खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला हरला, पण वाद कशाबद्दल होता ते लक्षात घ्या. या विषयावर उघड बोलण्याचा हक्क माणसाला आहे की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

तो हक्क आज मिळालेला आहे. आज मी त्यापुढचा प्रश्न मांडणार आहे. साधन विश्वासाने विकत घेतले, नीट वापरले आणि तरीही ते फाटले, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे? वापरणाऱ्याने, दुकानदाराने, कारखानदाराने, सरकारने, की नशिबाने?

आधी वस्तूचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८४४ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रबरी निरोध बाजारात आले. ते जाड असत आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरले जात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रबराच्या चिकापासून, म्हणजे लेटेक्सपासून, पातळ आणि एकदाच वापरायचे निरोध होऊ लागले. ते स्वस्त झाले आणि लाखांनी निघू लागले. लाखांनी निघणाऱ्या मालात काही नग सदोष असणार, हे उघड होते. १९३०–४० या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातला माल तपासायला घेतला आणि सदोष माल जप्त केला. निरोधाच्या दर्जाला सरकार जबाबदार धरू शकते, हा विचार तेव्हा रुजू लागला.

१९३२ हे साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडन रबर कंपनी लेटेक्सचे निरोध स्वतः बनवू लागली. त्याच वर्षी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने जिंजर बिअरच्या बाटलीत सापडलेल्या गोगलगाईचा प्रसिद्ध निकाल दिला. बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती, पिणाऱ्या बाईचा दुकानदाराशी कसलाच करार नव्हता. तरीही उत्पादकाने शेवटच्या ग्राहकाविषयी काळजी घेतली पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. आजचा सारा उत्पादकदायित्वाचा कायदा त्या बाटलीतून निघाला आहे. मात्र फिर्यादीला उत्पादकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे, आणि कारखान्याच्या दाराआड काय घडले हे सामान्य माणूस कसे सिद्ध करणार?

आपल्याकडे १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला. योगशास्त्रातला शब्द तीन नगांच्या पाकिटावर आला. पाकिटाची किंमत पंधरा पैसे. चहा, साबण, विडी-सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून तो किराणा दुकानापर्यंत पोचला. पहिला माल परदेशातून आला. १९६९ पासून तिरुवनंतपुरमच्या हिंदुस्थान लेटेक्सच्या कारखान्यात तो तयार होऊ लागला. आपल्या भाषेत ते नाव इतके रुळले की छापाचे नाव वस्तूचेच नाव झाले. परंतु या व्यवस्थेत धोरण आखणारे, कारखाना चालवणारे आणि दर्जा तपासणारे सरकारच होते. तक्रार करायची तर कोणाकडे?

फसणाऱ्या साधनाची दखल कायद्याने घेतली ती दुसऱ्याच वाटेने. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्यात एक स्पष्टीकरण आहे. विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने मुले मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेले साधन फसून गर्भ राहिला, तर त्यातून होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येईल. साधने फसतात, ही कबुली भारतीय कायद्याने इथे दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री’ आणि ‘पती’ यांच्या जागी ‘कोणतीही स्त्री’ आणि ‘जोडीदार’ हे शब्द आले.

ही तरतूद दयेची होती. पुढे तिचा उपयोग कसा झाला ते पाहा. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका गरीब स्त्रीला, नसबंदीनंतर मूल झाले म्हणून, राज्याकडून भरपाई देववली. तिथे डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध झाला होता. २००५ मध्ये पंजाबातल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की शस्त्रक्रिया निव्वळ फसली म्हणून भरपाई मिळणार नाही. आणखी असेही म्हटले, की गर्भ राहिल्याचे कळल्यावर कायद्याने दिलेला गर्भपाताचा मार्ग मोकळा असतो. तो न घेता मूल ठेवले, तर ते नकोसे मूल उरत नाही आणि त्याच्या संगोपनाचा खर्च मागता येत नाही.

इंग्लंडमध्येही सूर हाच लागला. तिथे १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हलगर्जीपणा सिद्ध करण्याची अट काढली होती. वस्तू सदोष होती एवढे दाखवणे पुरे होते. निरोधाचे टोक तुटून गर्भ राहिलेल्या एका स्त्रीने या कायद्याखाली लंडन रबरच्याच वारसदार कंपनीवर दावा केला. २००० मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. निरोध कधीच फसणार नाही असा दावा कोणताही उत्पादक करत नाही, तेव्हा तो तुटला एवढ्यावरून सदोष ठरत नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे. रबरावर ओझोनचा परिणाम दिसत होता, पण तो वापरानंतरचा ठरला. आणि शेवटी हेही सुनावले, की प्रकार लक्षात आल्यावर तिने दुसऱ्या दिवशीची गोळी घ्यायला हवी होती.

या दोन देशांतल्या निकालांचे तर्क शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. संकटातून सुटायची वाट स्त्रीला दिली, आणि नंतर ‘वाट होती, ती तू घेतली नाहीस’ असे तिलाच म्हटले. तिच्या सोयीची तरतूद समोरच्या पक्षाची ढाल झाली.

कारखानदाराची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. निरोध वर्षभर दर वेळी अचूक वापरला, तर शंभरांतल्या सुमारे दोन स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात हा आकडा तेराच्या आसपास जातो, असा अमेरिकेतला अंदाज आहे. म्हणजे बरेचसे अपयश वापरातले असते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावले की लेटेक्स कमजोर होते. पाकीट उन्हात किंवा खिशात महिनोन्‌महिने राहिले की तेच होते. दर्जाचे नियमही हेच गृहीत धरतात. आपल्याकडे औषध नियमांच्या परिशिष्ट ‘आर’मध्ये निरोधाच्या कसोट्या आहेत. आंतरराष्ट्रीय मानकात छिद्रांसाठी स्वीकार्य मर्यादा शेकडा पाव आहे. पाण्याने आणि हवेने केलेली ही तपासणी प्रत्येक लॉटमधल्या नमुन्यांची असते. छिद्रांची शेकडा पाव मर्यादा म्हणजे शून्य नव्हे. ती आपण समाज म्हणून मान्य केली आहे. माझा आक्षेप मर्यादेला नाही. त्या मर्यादेतला एखादा नग ज्या घरात येतो, त्या घराने सारा भार एकट्याने का उचलावा, एवढेच माझे विचारणे आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. मालातला निर्मितीदोष, आराखड्यातला दोष, अपुऱ्या सूचना यांबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरतो, म्हणून पतीने आणलेल्या पाकिटाबद्दल पत्नी तक्रार करू शकते. चुकीच्या वापराचा बचाव मात्र उत्पादकाला आहे. दोन भिंतीही उभ्या आहेत. पहिली पुराव्याची : फाटलेला निरोध कोण जपून ठेवतो? दुसरी पैशाची : मोबदला दिला तो ग्राहक. आरोग्य केंद्रात फुकट मिळालेल्या निरोधाला मोबदला कुठला? ज्यांना विकत घेणे परवडत नाही, नेमके तेच या कायद्याच्या दाराबाहेर राहतात.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली घरापुरती. साधन फसले तर लाजेत वेळ घालवू नये. आणीबाणीची गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी. आपल्याकडे तिला चिठ्ठी लागत नाही. संसर्गाची शंका असेल तर त्याच मुदतीत डॉक्टरांना गाठावे. पाकीट टाकू नये, त्यावर लॉट क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. दुसरी समाजापुरती. फुकट वाटलेल्या साधनांनाही दायित्वाचा नियम लागू व्हावा, आणि एकाच लॉटच्या तक्रारी एकत्र येतील अशी नोंद आरोग्य केंद्रात ठेवली जावी. एका घरातला एक फाटलेला नग काहीच सिद्ध करत नाही. एका लॉटच्या पन्नास तक्रारी करतात.

त्यासाठी पहिल्या माणसाने तक्रार तोंडाने बोलावी लागते. कर्व्यांनी बोलण्याचा हक्क मागितला तेव्हा त्याची किंमत दंडाच्या रुपयांत मोजली गेली. आज दंड नाही. आज आपणच गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत घरातली बाई भरते.