भूशास्त्राचा अधिकार आणि टाकळीचे खडक

भूशास्त्र म्हणजे खनिजे हुडकण्याची विद्या, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांतही रूढ आहे; आणि १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्याकडे कलकत्त्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे खाते सोपविताना सरकारची मुख्य निकड कोळशाची होती, हे ध्यानात घेता त्यात नवलही नाही. परंतु या शास्त्राचा खरा अधिकार कोठवर पोचतो हे पाहावयाचे, तर सरकारी दप्तरापेक्षा त्याच सुमारास, भोसल्यांचा अंमल मावळत असता, नागपूर परिसरात हिंडून दगड फोडणाऱ्या स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोघा स्कॉटिश मिशनऱ्यांकडे वळलेले बरे.

सह्याद्रीपासून पसरत आलेला काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हारस, नागपुराशी संपतो, आणि पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. टाकळीस या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर दबलेला आहे. त्यात या दोघांना बिया, फळे, कीटकांचे कठीण पंख आणि फायसा जातीच्या गोगलगायीचे शंख सापडले. हा शंख टोक वर व तोंड आपल्याकडे करून धरला, की त्याचे तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक गोगलगायींचे ते उजव्या हाताला असते. फायसा गोड्या पाण्यात राहणारी. म्हणजे लाव्हारस वाहिला, निवला, त्यावर पाणी साचून तळी झाली, काठी वनस्पती रुजल्या, आणि मग पुन्हा तप्त रसाने ते सारे झाकून टाकले. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या त्या घडामोडींतील विश्रांतीचा काळ एका गोगलगायीवरून सिद्ध व्हावा, ही मला या शास्त्राची सर्वांत मोठी थोरवी वाटते. कारण खनिजविद्येला केवळ पदार्थ पुरतो, येथे क्रम आणि काल यांचा निवाडा करावा लागतो.

कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या खाणींत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळाले. तशीच पाने दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियातही आढळतात, आणि जेथे ती आढळतात त्या खडकांच्या मालिकेत बहुधा कोळसा असतो. तेव्हा खाणमालकाचा प्रश्न आणि खंडांच्या प्राचीन सांध्याचा प्रश्न एकाच पानाशी येऊन ठेपतात. व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्युस यांनी १८८५ साली त्या विलीन महाखंडास नाव दिले, ते आपल्या गोंडवनाचेच.

या अधिकाराची अलीकडची सीमा कोणती? जेथे दगड माणसाने हेतुपूर्वक मांडलेला दिसतो, तेथे भूशास्त्र आपला कारभार पुरातत्त्वाच्या हवाली करते. हिस्लॉप त्या सीमेवरही जिज्ञासेने गेले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. गोंडादी जमातींविषयीची त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केली.