बोकडाची वर्तणूक व हाताळणी
पैदाशीच्या बोकडाला माणसांत नीट वागायची सवय लावण्याची पद्धत. उस्मानाबादी, संगमनेरी अशा जातींच्या शेळ्यांच्या कळपांत नर करडे 3–4 महिन्यांची झाली की माद्यांपासून वेगळी करतात. मस्तीवर आलेला बोकड स्वतःच्या दाढीवर व पुढच्या पायांवर मुततो, वरचा ओठ उचलून हुंगतो. शिंगांमागच्या ग्रंथींचा उग्र दर्प हाताला लागला की लवकर जात नाही. धडक मारण्याची खोड मात्र बहुधा माणसेच लावतात. पोरे करडाच्या कपाळाला तळवा लावून ढकलतात; त्याला ते झुंजीचे आव्हान वाटते आणि पूर्ण वाढ झाल्यावर तोच खेळ अंगाशी येतो. त्यामुळे कपाळाऐवजी मानेखाली खाजवावे, लहानपणीच दाव्याने चालवावे, मस्तीच्या दिवसांत त्याच्याकडे पाठ फिरवू नये. काठीने तो अधिकच बिथरतो. पैदाशीसाठी नको असलेले नर बर्डिझो चिमट्याने खच्ची करतात. त्यांचा वास व आक्रमकपणा बराच कमी होतो.