डाकोटाची पाठचिकित्सा

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत प्रामुख्याने देवळांसाठी वापरला जातो आणि पाठशुद्धी हा पोथ्यांसाठी. पूर्वी कुणीतरी जोडलेले, रंगवलेले आणि पुढे माळ्यावर धूळ खात पडलेले प्लास्टिकचे विमान पुन्हा नीट करणे हा त्यामानाने पोरखेळ वाटेल. परंतु त्या कामात उभा राहणारा प्रश्न कोणत्याही ग्रंथसंपादकाला परिचित आहे. दुरुस्ती करायची ती कोणत्या प्रतीच्या दिशेने?

सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिक विमानांचा इतिहास १९३६ पासून सांगता येतो. त्या वर्षी इंग्लंडमधील ‘फ्रॉग’ने अशा विमानांचे संच विक्रीस आणले. ही विमाने उडत नसत, म्हणून त्यांचे नाव ‘पेंग्विन’. त्यांचे प्रमाण बहात्तरास एक, म्हणजे एका इंचात सहा फूट, असे होते आणि तेच पुढे रूढ झाले. महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक साच्यात ओतून भाग घडवणे सोपे झाले आणि ‘एअरफिक्स’ने हे संच सामान्य मुलाच्या खिशाला परवडतील असे केले. १९६०च्या सुमारास या मालिकेत डाकोटा आले. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ९५ फूट. प्रतिकृतीत तो सुमारे ४० सेंटिमीटर भरतो.

डाकोटाचे नागपूरशी नाते विशेष आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या चारही दिशांची पत्रे काही काळ एकाच अंगणात उतरत होती. १२ डिसेंबर १९५३ रोजी या सेवेचे व्हीटी-सीएचएफ हे डाकोटा नागपूरहून उड्डाण करताच कोसळले. तेरा जण मृत्यू पावले. त्यांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला तो एकटा वैमानिक.

नकाशावर दिल्लीहून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती कन्हानकाठच्या आमच्या खाप्याला जवळजवळ स्पर्शून जाते. कोष्ट्यांच्या मागांचे आणि मँगनीजच्या खाणीशेजारचे हे गाव. येथील आमच्या घरी एक डाकोटा आहे. माझे चुलते नागपूरला रेल्वे टपालात वर्गीकरणाचे काम करीत. मुंबईहून आणवलेला संच त्यांनी साठच्या दशकात जोडला. रुपेरी रंग जाड ब्रशने दिलेला, सांध्यांतून गोंद ओघळलेला, एका पंख्याचे पाते तुटलेले, चाकाचा एक पाय निखळलेला, खिडक्या पिवळ्या पडलेल्या. संचातील चिकटचित्रे त्यांनी वापरलीच नाहीत. त्याऐवजी शेपटीजवळ, किंचित कलत्या अक्षरांत, हाताने लिहिले आहे : व्हीटी-सीएचएफ.

जाणकारांच्या दृष्टीने यात काढून टाकण्याजोगे बरेच आहे, आणि काढण्याचे उपायही आहेत. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात जुना एनॅमल रंग सुटतो आणि प्लास्टिकला धक्का लागत नाही. अ‍ॅसिटोन मात्र पॉलिस्टायरिनच विरघळवतो. सांधे उकलायचे असल्यास विमान काही तास फ्रीझरमध्ये ठेवतात. थंडीने गोंद ठिसूळ होतो आणि सांधा कधीकधी सुटतो. कधीकधीच म्हणायचे, कारण हा गोंद कागदाच्या गोंदासारखा दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहत नाही. तो दोन्ही भागांचे प्लास्टिक विरघळवून त्यांना एकजीव करतो. अशा ठिकाणी जोडणाऱ्याची चूक आणि वस्तूचे शरीर वेगळे काढता येत नाही.

मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरी आठवेल. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला. दोघांची पद्धत वेगळी, पण ओढ एकच : लेखनिकांच्या हातांपलीकडचा मूळ शब्द. ती ओढ तेथे योग्यच होती, कारण मूळ हरवले होते. डाकोटाच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे. मूळ हरवलेलेच नाही. साच्यातून निघालेले तसेच संच पेट्यांत बंद असलेले आजही शोधल्यास मिळतात. येथे एकमेव आहे तो लेखनिकाचा हात. साठच्या दशकातील माणूस १९५३ मध्ये नष्ट झालेल्या विमानाची अक्षरे लिहितो, तेव्हा तो पाठदोष राहत नाही. थैल्या उतरताना पाहिलेल्या माणसाची ती नोंद आहे. रंग खरवडला, तर तीच पहिल्यांदा जाईल.

याची दुसरी बाजू २०१८ मध्ये दिसली. इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेले एक डाकोटा भारतीय वायुसेनेला भेट मिळाले. ‘परशुराम’ हे त्याचे नाव. त्यावर व्हीपी-९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटाचा तो क्रमांक. विमान मात्र ते नव्हे. स्मारक म्हणून हे गैर नाही. परंतु स्मारक आणि पुरावा यांतला भेद पाहणाऱ्याला कळला पाहिजे.

१९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारत आवृत्तीत जेथे पाठ निःसंशय नाही, तेथे खाली नागमोडी रेघ आहे. खाप्याच्या डाकोटाला तोच न्याय लावला. सौम्य साबणाच्या पाण्याने धूळ काढली, चाकाच्या पायात बारीक तार घालून तो बसवला, तुटलेले पाते नव्या प्लास्टिक पत्र्यातून कापले. ते पाते रंगवले नाही. रुपेरी विमानावर ते पांढरे दिसते, आणि दिसावे म्हणूनच तसे ठेवले आहे. ओघळ, पिवळ्या खिडक्या आणि कलती अक्षरे होती तशीच आहेत.