पाऊस मोजणारे गाव

दप्तर ही आपल्या गावांना नवी गोष्ट नव्हे. पेशवाईतही कुळकर्ण्याच्या रुमालात गावची जमीन आणि पीक बांधलेले असे. पण ते मोजणे मुख्यतः साऱ्यासाठी. गावाला काय हवे, हा प्रश्न त्या आकड्यांना फार उशिरा विचारला गेला.

तो विचारणाऱ्यांत पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांचे नाव मी आधी घेईन. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांनी बारकाईने पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. १७७१ साली तेथले सरासरी खाते ४० एकरांचे होते; १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली! तुकडेबंदीच्या चर्चेत हे आकडे पुष्कळ फिरले. पण पुस्तक इंग्रजी. ज्यांचे बांध मोजले, त्यांच्यापैकी कितीजणांनी ते हाती धरले असेल? (आज त्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत.)

म्हणूनच मला पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे अप्रूप वाटते. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले, १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले, नाले अडले, पाणी मुरले. एवढे अन्यत्रही झाले आहे. वेगळेपण पुढचे. गावाने पर्जन्यमापके बसवली, विहिरींची पातळी नोंदायला घेतली. हिशेब शाळकरी मुलालाही जमावा असा : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. शिवार सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे मिलिमीटरमागे कोटभर लिटर. त्यातले उडाले किती, वाहून गेले किती, मुरले किती, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसे आणि गुरे, मग पिके. पाऊस तोकडा पडला, तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला त्या साली रजा. उसाला, केळीला बंदीच, शेतीसाठी कूपनलिकेलाही.

ऐकायला सोपे आहे. पण ज्याला आपल्या विहिरीतले पाणी डोळ्यांनी दिसते, त्याने शेजाऱ्याच्या विहिरीसाठी हात आखडावा, हे बाहेरून आलेल्या कोणत्या साहेबाचे त्याने ऐकले असते? येथे पातळी मोजणारा गावातलाच. आकड्याचा संशय आला, तर दोर घेऊन स्वतः विहिरीवर जावे.