पंडिता रमाबाईंची शिस्त

आपल्या मंडळात स्त्री-शिक्षणाची गोष्ट निघाली की सावित्रीबाईंचे नाव येते, अण्णासाहेब कर्व्यांचे येते. पंडिता रमाबाईंचे नाव मात्र जरा दबकत घेतले जाते. त्या ख्रिस्ती झाल्या, एवढ्यावरच पुष्कळांचा विचार थांबतो. ख्रिस्ती होऊन त्या कशा जगल्या, हे पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. वडिलांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, वैधव्य आले. पदरी तान्ही मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथून त्यांच्या शिस्तीची खरी परीक्षा सुरू झाली. मठातील भगिनींची अपेक्षा अशी की, नव्या शिष्येने वडिलांचे निमूटपणे ऐकावे. रमाबाई ऐकून घेत, पण पटल्याशिवाय मानीत नसत. क्रूसावर लॅटिन अक्षरे का? आपल्या देशाची संस्कृत का नको? असे त्या स्पष्ट विचारीत. मांसाहार त्यांनी कधी केला नाही, साडी सोडली नाही. माझ्या मते अवज्ञा म्हणून याकडे पाहणे चूक होय. देवाला दिलेला शब्द माणसाच्या हुकुमाहून मोठा मानणे, हीच त्यांची शिस्त होती.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. तेथील गोदूबाई नावाच्या विधवा विद्यार्थिनीशी १८९३ मध्ये कर्व्यांचा विवाह झाला. परंतु याच वर्षी वादळ उठले. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे ठरले असता हे कसे, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. पालकांची धास्ती खोटी नव्हती, हे आपण मान्य केले पाहिजे. मुली हातच्या जातील ही भीती खरी होती. पण टीका होते म्हणून दार लावून घेणे रमाबाईंना जमले नाही, हेही तितकेच खरे.

पुढे दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये त्या स्वतः मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. शतकाच्या आरंभी तेथे दोन हजारांच्या आसपास मुली व बायका होत्या. पहाटेची घंटा, प्रार्थना, शाळा, मग शेत, माग, घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीची सोय मनोरमाबाईंनी केली. कोणीही बसून खायचे नाही, असा दंडक होता. भिक्षेऐवजी हाताला काम मिळाले की मान ताठ होते, हे बाईंनी जाणले होते.

उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना कळावे म्हणून सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. खिळे मुक्ती सदनाच्या मुलींनीच जुळविले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण बाहेर पडला.

खारघरात आपण नाना धर्मांचे लोक एका जिन्याने चढतो-उतरतो. शेजारणीचा धर्म आपला नसला तरी तिची निष्ठा आपल्याला ओळखता यावी, असे मला वाटते. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्थानक लागते. संस्था आजही चालू आहे. भगिनींनो, मंडळाची पुढची सहल तिकडे न्यावी, एवढीच विनंती.